गाडी कुठवर आली?

यंदाच्या अंकाचा विषय ‘शर्यत’ आहे असं संपादकांनी कळवलं आणि सोबत एक ओळ जोडली: थरार नको, त्यामागचं काम दाखवा. मोटारशर्यत टीव्हीवर पाहणाऱ्याला या कामाची एक खूण नेहमी दिसते. तीस-चाळीस मोटारी एकमेकींना खेटून पळत असतात आणि त्यांतल्या एकीच्या डोक्यावर बाण येऊन बसतो. त्यात चालकाचं नाव, गाडीचा वेग, पुढच्या गाडीपासूनचं अंतर. मोटार वळते, कॅमेरा झपकन फिरतो, मागची गाडी पुढे सरकते, तरी बाण आपली गाडी सोडत नाही. समालोचकाने काही सांगण्याआधीच आपल्याला कळलेलं असतं, कोण कुठे आहे.

या बाणाचा माग काढत मी रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्याला गेलो. तिथे मोटारशर्यतीचा ट्रॅक नाही. पण बाण ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न या दोन गावांत दिवसभर विचारला जातो. पेणच्या एसटी स्टँडवर, रोहा स्टेशनच्या फलाटावर, वडखळच्या नाक्यावर गाडी थोपवून फोन लावणाऱ्या टेंपोवाल्याला पलीकडून: गाडी कुठवर आली? रोह्याच्या पुढे जी रेल्वे सुरू होते, त्या कोकण रेल्वेच्या इंजिनिअरांनी तर टीव्हीवाल्यांच्या बरोबरीनेच हे कोडं हाती घेतलं होतं. दोघांपुढची अडचण सारखी होती आणि उपायाचं मूळही एकच होतं. उपग्रह अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं रस्त्याकडून काढून घ्यावं लागतं.

डांबराखालची तार

शर्यतीत गाडी कुठे आहे हे कळण्याचा जुना मार्ग म्हणजे रेषेवर माणूस बसवायचा आणि त्याच्या हाती स्टॉपवॉच द्यायचं. आजही मूळ पद्धत तीच आहे, फक्त माणसाच्या जागी तार आली. ट्रॅकच्या डांबरात आडवी तार पुरलेली असते. गाडीच्या पोटाशी बसवलेली काडेपेटीएवढी डबी, म्हणजे ट्रान्सपाँडर, तारेवरून जाताना रेडिओवर आपला क्रमांक सांगते. संकेत सर्वांत जोरकस मिळतो तो क्षण गाडीने रेषा ओलांडल्याचा. फॉर्म्युला वनमध्ये हा क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. ताशी ३०० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्या अवधीत सव्वाआठ सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे जेमतेम चार बोटं. एवढं बारीक मोजूनही १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझला पात्रता फेरीत व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंटझेन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी एकच निघाली. ती वेळ आधी नोंदवली म्हणून पहिली जागा व्हिलनव्हला मिळाली.

मात्र तार फक्त स्वतःपुरतं बोलते. दोन तारांच्या मधल्या पट्ट्यात गाडी कुठे आहे, कुणाच्या किती जवळ आहे, हे तिला ठाऊक नसतं. निकालाला तेवढं पुरतं. टीव्हीला पुरत नाही, कारण प्रेक्षक सगळा वेळ त्या मधल्या पट्ट्यातच पाहत असतो.

अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या प्रक्षेपणात २००१ च्या मोसमात गाड्यांमध्ये जीपीएस बसवून हा बाण पडद्यावर आणला तो स्पोर्टव्हिजन या कंपनीने. तिच्या संस्थापकांपैकी एक स्टॅन हनी. या माणसाची वाटचाल सांगण्यासारखी आहे, कारण तो मुळात शिडाच्या होड्यांच्या सागरी शर्यतींतला दिशादर्शक. किनारा दिसत नसताना होडी कुठे आहे ते सांगणं हेच त्याचं काम. १९८० च्या दशकात त्याने एटॅक नावाची कंपनी काढून मोटारीत बसवायचा नकाशा तयार केला. तेव्हा जीपीएस सामान्यांच्या हाती आलेलं नव्हतं. चाकं किती फिरली आणि होकायंत्र कुठे वळलं एवढ्यावर यंत्र गाडीची जागा काढायचं. अशा मोजणीत चूक साठत जाते. शंभर पावलांत एक पाऊल चुकलं तरी दहा किलोमीटरला शंभर मीटर. हनीची युक्ती अशी की गाडी वळली की यंत्राने जवळच्या नकाशात तसं वळण शोधायचं आणि गाडी त्या कोपऱ्यावर आणून ठेवायची. मोटार शेतातून जात नाही, रस्त्यावरूनच जाते, मग साठलेली चूक प्रत्येक वळणावर पुसून टाकता येते. नकाशे कॅसेटवर भरलेले असत. पुढे त्याच हनीने १९९६ मध्ये आइस हॉकीची चकती टीव्हीवर चमकवली, १९९८ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर पडद्यापुरती पिवळी रेघ ओढली, आणि मग तो मोटारींकडे वळला.

एक अज्ञात संख्या कमी

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक जण एकच गोष्ट सांगत असतो: मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. खालचं यंत्र संकेत पोचायला किती वेळ लागला ते पाहून अंतर काढतं. रेडिओलहर एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जाते. त्यामुळे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर तीनशे मीटरनी चुकतं. उपग्रहात अणुघड्याळ असतं, गाडीतल्या डबीत साधं. म्हणून डबीला चार गोष्टी काढाव्या लागतात: लांबी, रुंदी, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक. चार अज्ञात संख्या, म्हणून निदान चार उपग्रह. शाळेतल्या समीकरणांचाच हा नियम.

नॅसकारच्या डेटोना ट्रॅकवर हे चार मिळणं अवघड. हा ट्रॅक एका फेरीला चार किलोमीटरचा, आणि वळणावर रस्ता ३१ अंशांनी कललेला. गाडी त्या उतारावर चढली की तिच्या टपावरचा अँटेनाही कलतो, आणि एका बाजूचं आकाश त्याला दिसेनासं होतं. बाहेरच्या अंगाला काँक्रीटची भिंत, तिच्यामागे उंचच उंच प्रेक्षागृह. नेमक्या वळणावर, जिथे गाड्या एकमेकींना मागे टाकतात आणि बाण सर्वांत जास्त हवा असतो, तिथेच उपग्रह कमी पडतात.

स्पोर्टव्हिजनने शर्यतीआधी ट्रॅकचा सगळा पृष्ठभाग मोजून संगणकात भरला. गाडी त्या पृष्ठभागाच्या वर उडत नाही आणि खाली जात नाही. म्हणजे ती ट्रॅकवर कुठे आहे हे कळलं की तिची उंची आपोआप कळते. चारातली एक अज्ञात संख्या गळाली आणि तीन उपग्रहांवर काम भागू लागलं. जोडीला मैदानात एक यंत्र अचूक मोजलेल्या जागी स्थिर बसवलेलं होतं. ते सतत आपली जागा जीपीएसने काढतं आणि खऱ्या जागेशी ताडतं. जो फरक पडतो तो हवेतल्या बदलांमुळे आणि उपग्रहांच्या चुकांमुळे, आणि तोच फरक शेजारून धावणाऱ्या गाड्यांनाही लागू असतो. तो वजा केला की मीटरांची चूक फार खाली येते.

मग पुढची पायरी, रेडिओ. त्या वेळी नॅसकारच्या शर्यतीत ४३ गाड्या उतरत. सगळ्यांनी एकाच वेळी माहिती पाठवली तर कुणाचंच ऐकू येणार नाही. अशा वेळी सेकंदाचे बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येक गाडीला आपला तुकडा नेमून देतात. कुंडलिकेवरच्या डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या लागतात तशा या पाळ्या, फक्त इथे पाळी डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते. पाळी चुकू नये म्हणून लागणारं घड्याळही पुन्हा जीपीएसचंच.

आणि शेवटी कॅमेरा. गाडीची जागा कळली तरी ती पडद्याच्या कुठल्या बिंदूवर येते हे वेगळंच गणित. त्यासाठी कॅमेऱ्याच्या मानेत मोजपट्ट्या बसवतात. तो डावी-उजवीकडे किती वळला, वर-खाली किती झुकला, भिंग किती पुढे आलं, हे दर चित्रागणिक संगणकाला कळतं. अमेरिकेच्या टीव्हीवर सेकंदाला सुमारे ३० चित्रं येतात. दोन चित्रांच्या मधल्या वेळात ताशी ३०० किलोमीटरची गाडी पावणेतीन मीटर सरकते. गाडीची माहिती रेडिओवरून यायला दोन-तीन चित्रांचा उशीर झाला तर बाण शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसेल. म्हणून चित्रच थोडं रोखून धरतात, आकडे येऊन पोचले की दोन्ही जुळवतात आणि मग प्रेक्षकांना दाखवतात. ‘थेट’ प्रक्षेपण थोडं मागे असतं ते यासाठीही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. उशिरा आलेली पण जुळलेली माहिती ही लवकर आलेल्या चुकीच्या माहितीपेक्षा बरी, असा निर्णय तिथे कुणीतरी शांतपणे घेतलेला आहे.

रोह्याच्या पुढे

दिव्याहून निघालेली मध्य रेल्वेची लाइन पनवेल, आपटा, पेण, नागोठणे करत रोह्याला येते आणि संपते. स्टेशन मध्य रेल्वेचं. पुढचा रूळ कोकण रेल्वेचा. कोकण रेल्वेची किलोमीटरची मोजणी इथून शून्यापासून सुरू होते, आणि तिचं पहिलं स्टेशन कोलाड. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा सगळा मार्ग खुला झाला. ९० हून अधिक बोगदे, त्यांतला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा.

फलाटावर उभं राहून गाडी जाताना तिच्या शेवटच्या डब्याकडे पाहावं. मागे एक पाटी असते, तिच्यावर एल. व्ही. ही अक्षरं, म्हणजे शेवटचा डबा. स्टेशनातला माणूस गाडी निघून जाईपर्यंत उभा राहतो तो ही पाटी पाहायला. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, वाटेत डबा सुटून राहिलेला नाही, मागची लाइन मोकळी. रेल्वेचा मूळ कायदा इतकाच: दोन स्टेशनांच्या मध्ये एका रुळावर एकच गाडी. ती नेमकी कुठल्या झाडाखाली आहे हे कळण्याची गरजच ठेवलेली नाही. मधल्या पट्ट्यात ती आहे किंवा नाही, एवढं पुरे. मोटारशर्यतीतल्या तारेसारखीच ही रीत. आज एल. व्ही.ची पाटी पाहण्याच्या जोडीला रुळालगत चाकं मोजणारी यंत्रंही असतात. जितकी चाकं आत गेली तितकी बाहेर आली की झालं.

पण माणूस चुकतो. २ ऑगस्ट १९९९ ला बंगाल-बिहार सीमेवर गायसलला दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. दोन्ही गाड्या एका रुळावर येत होत्या आणि तसं येत असल्याचं कुणालाही कळलं नव्हतं. त्या काळात कोकण रेल्वेचे व्यवस्थापकीय संचालक होते बी. राजाराम. त्यांनी मांडलेल्या आणि कोकण रेल्वेने घडवलेल्या उपकरणाचं नाव ‘रक्षा कवच’. इंजिनात एक पेटी, शेवटच्या डब्यात गार्डजवळ एक, स्टेशनात आणि फाटकांवरही. प्रत्येक पेटीत जीपीएस आणि रेडिओ. सुमारे तीन किलोमीटरच्या परिघात दोन पेट्या आल्या की त्या आपसांत बोलायच्या: तू कुठे, मी कुठे, आपण एकाच रुळावर आहोत का? उत्तर ‘हो’ आलं तर ब्रेक आपोआप लागायचे.

रुळावर गणित आणखी सोपं होतं. मोटार निदान ट्रॅकच्या रुंदीत डावी-उजवी होते. आगगाडीला तेही स्वातंत्र्य नाही. लांबी, रुंदी, उंची ही तिन्ही एकाच आकड्यात मावतात: रोह्यापासून किती किलोमीटर. तो एक आकडा आणि घड्याळाची चूक, एवढ्याच दोन अज्ञात संख्या उरतात, म्हणजे तत्त्वतः दोन उपग्रह पुरतात. बोगद्यात मात्र एकही नसतो. ताशी ७५ किलोमीटरने जाणारी गाडी करबुड्यात पाच मिनिटांहून अधिक काळ आकाशाविना असते. तिथे पुन्हा हनीची जुनी रीत: चाकाचे फेरे मोजायचे. पावसाळ्यात ओल्या रुळावर चाक जागच्या जागी सरकतं, फेरे जास्त मोजले जातात, चूक साठते. बोगद्याच्या तोंडाबाहेर आल्यावर आकाश दिसलं की हिशेब नव्याने मांडायचा.

दोन रुळांमधलं अंतर

खरी कठीण गोष्ट वेगळी होती. साध्या जीपीएसची चूक पाच-दहा मीटरांची, आणि शेजारच्या रुळाचं अंतर चार-पाच मीटर. गाडी रोह्यापासून कितव्या किलोमीटरवर आहे हे कळतं. कुठल्या रुळावर आहे हे कळत नाही. समोरून येणारी गाडी शेजारच्या लाइनवरून नियमाप्रमाणे येत असेल आणि यंत्राने तिला आपल्याच रुळावरची समजून ब्रेक लावला, असं चार वेळा झालं तर पाचव्या वेळी कुणी त्या यंत्राचं ऐकणार नाही.

राजाराम यांनी यावर काढलेली वाट मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत देखणी वाटते. जागा विचारू नका, वळण विचारा. स्टेशनात शिरताना इंजिन सांध्यावरून लूप लाइनला गेलं तर ते किंचित वळतं, मग उलट वळून सरळ होतं. मुख्य लाइनने गेलं तर वळत नाही. जागेची चूक मीटरांत असली तरी दिशेतला असा बदल टिपता येतो. स्टेशनातल्या प्रत्येक वाटेची वळणांची आपापली मालिका असते. ती मोजून पेटीने ठरवायचं की आपण कितव्या लाइनवर आहोत. इथेही यंत्राला आधी वाटांची ओळख असावी लागते. कॅसेटवरच्या नकाशात कोपरा शोधणारी मोटार आणि सांध्यावरचं हे इंजिन, दोघांची रीत एकच.

कोकण रेल्वेवर आणि ईशान्य सीमा रेल्वेवर हे कवच बसवण्यात आलं. पुढे बहुमार्गी, विजेच्या तारांखालच्या गजबजलेल्या लाइनींवर रूळ ओळखण्यात अडचणी आल्या आणि भारतीय रेल्वे दुसऱ्या यंत्रणेकडे वळली. तीच आजची ‘कवच’. नाव सारखं असलं तरी ही स्वतंत्र रचना आहे. तिच्यात ठरावीक अंतरावर स्लीपरवर एक चपटी पट्टी ठोकलेली असते. तिला वीज लागत नाही. इंजिनाच्या पोटाखालचं यंत्र वरून जाताना रेडिओलहर सोडतं, पट्टी त्याच लहरीच्या बळावर आपला क्रमांक परत सांगते, आणि त्या क्रमांकात जागाही आली आणि रूळही आला. दोन पट्ट्यांच्या मध्ये चाकाचे फेरे.

म्हणजे रेल्वे फिरून डांबराखालच्या तारेपाशी आली, फक्त उलटी. शर्यतीत जमीन ऐकते आणि गाडी बोलते. इथे जमीन बोलते आणि गाडी ऐकते. राजारामांचं यंत्र मागे पडलं म्हणून त्यांचा विचार चुकला असं मी मानत नाही. रस्त्याकडून खूण काढून घ्यायची हे त्यांनी आधी ओळखलं. पुढच्यांनी ती खूण लोखंडी रुळाशी पक्की ठोकली.

रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा पट्टा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. एरवी एकेरी असलेल्या कोकण रेल्वेवर शेजारी शेजारी दोन रूळ लांबवर धावतात ते इथेच. गाडीत बसून फोनवरचा मोटारीचा नकाशा उघडला की दिसतं, आपला निळा ठिपका मध्येच रूळ सोडून महामार्गावर उडी मारतो. नकाशाचं गृहीत असं की वाहन आहे म्हणजे ते रस्त्यावरच असणार. दुसऱ्या बाकावरचा प्रवासी गाडीचा पत्ता दाखवणारं वेगळं ॲप पाहत असतो. त्यातलं एक लोकप्रिय ॲप जवळचे मोबाइल टॉवर कोणते यावरूनही गाडीची जागा काढतं, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी चालतं. टॉवरची चूक शेकडो मीटरांची असते. पण गाडी रुळावरच आहे आणि तिचं वेळापत्रक ठाऊक आहे, एवढ्या दोन आधारांवर कोलाड ओलांडलं की नाही याचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं.

वाळूवर नकाशा नसतो

रायगडची स्वतःची शर्यत बैलगाड्यांची, अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर, ओहोटीला वाळू टणक झाली की. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अशा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला राज्याचा कायदा वैध ठरला. परवानगी मिळाल्यापासून मैदानं पुन्हा भरू लागली आणि फोनवरून थेट प्रक्षेपणही होऊ लागलं.

इथे मात्र वर सांगितलेली एकही युक्ती लागू पडत नाही. काल आखलेला ट्रॅक आज भरतीने पुसलेला असतो. वाळूत तार पुरायची तर कुठे? पृष्ठभाग मोजून ठेवला तरी सहा तासांत तो बदलतो. बैल रुळावर चालत नाहीत, रेषेतही चालत नाहीत. कधी समुद्राकडे ओढतात, कधी गर्दीकडे. सगळ्याच अज्ञात संख्या शिल्लक. म्हणून शेवटच्या खुणेशी डोळ्यांत तेल घालून उभा असलेला पंच, त्याचा झेंडा आणि वादाच्या वेळी मोबाइलवरचं चित्रण, यांवरच निकाल ठरतो. मला हे मागासलेपण वाटत नाही. जिथे वाटच दर ओहोटीला नवी, तिथे वाट जाणणारा माणूसच हवा.

पेणच्या स्टँडवर

एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय पेणला, रामवाडीत. मुंबई-गोवा महामार्ग गावाला लागून जातो आणि अलिबागची वाट पुढे वडखळला फुटते. गणपतीच्या आधीचे दोन महिने मूर्तींचे ट्रक आणि टेंपो इथूनच सुटतात. हमरापूर-जोहे भागातून निघालेली मूर्ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायची असते आणि मंडळाचा कार्यकर्ता तासातासाने फोन करत असतो.

एका गॅरेजात प्रवासी जीपमध्ये बसवलेली डबी उघडून पाहता आली. तळहातापेक्षा लहान काळी पेटी, डॅशबोर्डच्या आत चिकटवलेली. एक वायर बॅटरीला, एक चावीच्या स्विचला, एक सीटांजवळच्या लाल बटणांकडे. आत सिमकार्ड, दोन अँटेना, एक आकाशासाठी आणि एक मोबाइल टॉवरसाठी, आणि स्वतःची छोटी बॅटरी. गाडीची बॅटरी कुणी काढली तर ही पेटी आतल्या बॅटरीवर काही तास चालते आणि वायर तोडल्याची खबर धाडते. दोन दिवे लुकलुकत होते. आकाशासाठीचा दिवा गॅरेजच्या पत्र्याखाली बराच वेळ मिचमिचत राहिला. जीप बाहेर काढल्यावर तो स्थिर झाला. प्रवासी वाहनांत अशी यंत्रणा आणि आणीबाणीचं बटण असावं हा केंद्राचा नियम नव्या गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. एआयएस १४० हे त्या मानकाचं नाव. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर आपल्या ‘नाविक’ उपग्रहांचे संकेतही या यंत्रणेने घ्यावेत अशी अपेक्षा आहे. २००१ साली कोट्यवधींच्या शर्यतीत ज्या यंत्रसामग्रीचं अप्रूप होतं, तिची लहान भावंडं आज पेणच्या जीपमध्ये बसली आहेत.

मग स्टँडवरच्या माणसाला गाडी कुठवर आली हे चटकन का कळू नये? डबीच्या अंगाने पाहिलं तर अडचण काहीच नाही. अडचण रस्त्याच्या बाजूची आहे. पनवेल ते इंदापूर हे महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून हा रस्ता सतत बदलत राहिला. आज डाव्या अंगाने वळवलेली वाहतूक उद्या उजव्या अंगाने जाते. जुना रस्ता सेवारस्ता होतो, त्याच्यावर उड्डाणपूल चढतो. पुलावरची गाडी आणि पुलाखालची गाडी जीपीएसला एकाच ठिकाणी दिसतात. रेल्वेच्या शेजारच्या रुळाचाच हा प्रश्न, इथे तो वर-खाली आहे. आणि प्रवाशाला नेमकं तेच हवं असतं: गाडी वरून निघून जाणार की खाली थांब्यावर येणार? लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत सामान आणि लेकरं घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी ती पन्नास मीटरवर असणं आणि ती थांबणं यांत रात्र काढण्याइतका फरक असतो.

शिवाय जागा म्हणजे वेळ नव्हे. वडखळला गाडी अडकली की सहा-सात किलोमीटरांना दहा मिनिटं लागतील की तास, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. आदल्या वर्षांच्या गणपतीत, शनिवारी संध्याकाळी, पावसात इथून गाड्यांना किती वेळ लागला याच्या साठवलेल्या नोंदी ते सांगू शकतात. शर्यतीत आधी मापं घेतली जातात. इथे हजारो फेऱ्यांची मापं रोज आपोआप गोळा होतात.

स्टँडवरच्या खिडकीमागे बसलेल्या वाहतूक नियंत्रकाला मी काही वेळ पाहत होतो. “अलिबाग लागली का?”, “पनवेल गेली का?”, “रोहा किती वाजता?” असे प्रश्न थांबत नव्हते आणि उत्तरंही अडत नव्हती. कुठली गाडी आत येते, कुठली नाक्यावरूनच वळते, कुठे काम चालू असल्याने आज कुठून फिरून येणार, कुठला चालक नागोठण्याला चहाला थांबतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. स्पोर्टव्हिजनने पैसे आणि माणसं लावून ट्रॅकची जी माहिती संगणकात भरली, तीच या खिडकीमागे आयती तयार आहे. मार्गाचा नकाशा मात्र दूर कुठल्यातरी कार्यालयात एकदा भरला जातो, आणि रस्ता बदलला तरी तसाच राहतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मार्गात बदल करायचा अधिकार आगारातल्या वाहतूक नियंत्रकाला द्यावा. आज वडखळच्या पुलाखालून, आज खोपोली रस्त्याने, आज नऊची फेरी रद्द, असं त्याने दोन बोटांनी नोंदवलं की त्या क्षणापासून गाडीचा ठिपका योग्य रस्त्यावर बसावा आणि स्टँडवरच्या पाटीवर, प्रवाशाच्या फोनवर तीच वेळ दिसावी. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी ध्वनिक्षेपक आहेच. नवी डबी लागत नाही, नवा उपग्रह लागत नाही. पेण आगारात या पावसाळ्यापासून हे करून पाहता येईल. पुढे नागोठणे, रोहा, माणगाव, महाड असं सरकत जाता येईल, कारण रस्ता तोच आहे आणि त्याची कामंही तीच आहेत.